उघडा राहिलेला डबा

गोंधळलेला माणूस समोर आला की आधी त्याच्या बोटाला सुई टोचायची. बाकी सगळं नंतर. अंगातली साखर एकदम उतरली की चांगला शहाणा माणूस वेड्यासारखा वागतो, जीभ जड होते, पाय तिरके पडतात, कधी एक बाजूच लुळी पडते. बघणाऱ्यांपैकी निम्मे म्हणतात अर्धांगवायू, निम्मे म्हणतात दारू. खरं काय ते रक्ताच्या एका थेंबात कळतं आणि तो थेंब घ्यायला क्षणभर लागतो.

आमच्या गाडीवर हा नियम कधी मोडला नाही, त्याचं श्रेय गाडी चालवणाऱ्या दादांना. पेशंट आत घेऊन मी मागचं दार लावलं की पुढून त्यांचा आवाज यायचा, "ताई, सुई टोचली का?" मी आकडा सांगायचे, मग ते चावी फिरवायचे. त्यांना स्वतःला साखरेचा त्रास, म्हणून हा प्रश्न त्यांच्या जिभेवरच बसलेला.

आमच्या गाड्या उभ्या राहतात त्या तळावर सगळे त्यांना 'नकाशा' म्हणत. कुठली गल्ली खोदून ठेवलीय, कुठल्या फाटकापाशी दुपारी कोंडी होते, कुठल्या शाळेच्या मागून रुग्णालयाला चोरवाट आहे, सगळं डोक्यात. मोबाइलमधली बाई "उजवीकडे वळा" म्हणाली की ते तिला म्हणायचे, "तू कालची आलेली, बाई. गप बस."

माझा आवाज मुळातच बारीक. दादा सगळ्यांना सांगत, "ताईंचं बोलणं ऐकायचं असेल तर आधी इंजिन बंद करा." जुन्या गाडीत आमच्या दोघांमध्ये नुसता पत्रा होता, खिडकीसुद्धा नाही. तेव्हा आमची खूण ठरलेली: पत्र्यावर एक टकटक म्हणजे हळू, दोन म्हणजे थांबा. नवी गाडी आली तिला मध्ये काच होती आणि बटण दाबून बोलायचा स्पीकर होता. "चला, ताईंना गळा आला," म्हणून दादांनी तळावर सगळ्यांना चहा पाजला होता.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच येऊन थांबलं. मी रोज सकाळी देवासमोर बसून त्या दिवसापुरतं एक व्रत घेते: आज खोटं बोलणार नाही. एका दिवसाचंच, पण रोज नव्याने घ्यायचं. दवाखान्याच्या गाडीत हे पाळणं सोपं नाही. प्रत्येक नातेवाईक एकच प्रश्न विचारतो, "बरे होतील ना?" आणि मी म्हणते, "आपण निघालोय," किंवा "मी इथेच आहे." लोकांना ते कोरडं वाटतं, मला कळतं. दादा म्हणायचे, "ताई, एखाद्या वेळी सांगून टाकावं हो, होतील म्हणून. देव काही छडी घेऊन बसलेला नाही." मी हसून विषय टाळायचे.

त्या दुपारी तळावरच्या बाकावर दादा जेवायला बसले. डॉक्टरांनी नुकतीच त्यांची गोळी बदलून जेवणाआधीची इन्सुलिनची सुई सुरू केली होती. भिंतीकडे तोंड करून, सदरा वर करून त्यांनी पोटात सुई घेतली, हात धुतले, डबा उघडला. पहिला घास मोडला आणि घंटा वाजली.

"दोन घास तरी घ्या," मी म्हणाले.

"दोन घासांत पेशंट वर पोचतो, ताई." घास परत डब्यात ठेवून ते उठलेसुद्धा. झाकणही लावलं नाही. कॉलवर असताना, गाडीत पेशंट असताना तोंडात काही टाकायचं नाही, हा त्यांचा स्वतःचा नेम होता. "लोकांचं माणूस मरायला टेकलंय आणि आपण चावत बसायचं?" असं म्हणायचे.

सुई पोटात गेली होती, घास गेला नव्हता. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि गाडीत चढता चढता विसरून गेले.

*

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, जिना अरुंद. खोलीत खळीचा वास भरलेला. पुस्तकं बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या माणसाचं ते घर. मेजावर दगडाखाली दाबून ठेवलेल्या वह्या, सुतळीची रिळं, आणि खुर्चीत आजोबा एका बाजूला कललेले. उजवा हात खळीच्या वाडग्यात पडलेला, तो त्यांना बाहेर काढता येत नव्हता. त्यांची बायको शेजारी ताठ उभी होती. निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी गल्ली तिला 'बाई' म्हणत असे, हे दार दाखवणाऱ्या शेजाऱ्याने जिन्यातच सांगितलं होतं.

"वह्या शिवायची सुई हातातून पडली," बाई म्हणाल्या. "म्हटलं उचला, तर माझ्याकडे बघून म्हणाले, 'दार.' मी म्हटलं, काय? तर पुन्हा, 'दार.' मला म्हणाले हो. दार."

मी खळीतला हात पुसला, दुसऱ्या हाताचं बोट टोचलं. साखर व्यवस्थित होती. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली. म्हणजे बहुधा मेंदूतच रक्ताची गाठ अडकली होती. अशी गाठ विरघळवणारं इंजेक्शन मोठ्या रुग्णालयात मिळतं, पण ते वेळेत पोचलेल्यालाच देता येतं. उशीर झाला की तेच औषध जीव घेऊ शकतं. बाईंना मी एवढं सांगितलं.

"वेळेत पोचलो तर बरे होतील ना?"

"आपण लगेच निघतोय."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मी विचारलं काय, तुम्ही उत्तर दिलंत काय. माझ्या शाळेत असतात तर भोपळा दिला असता."

आजोबांना खुर्चीला बांधून आम्ही जिना उतरवायला लागलो. खालची बाजू दादांकडे, म्हणजे सगळा भार त्यांच्यावर. मधल्या वळणावर ते थबकले, कठड्याला टेकले, घामाने निथळत होते. म्हणाले, "ताई, हा कुठला मजला?"

"दुसरा."

"असं होय," म्हणाले आणि हसले. मला वाटलं, नेहमीसारखी थट्टा. तिसऱ्या मजल्यावरून माणूस उतरवताना घाम कुणाला येत नाही?

आजोबांना आत घेतलं, प्राणवायू लावला, बाईंना त्यांच्या उशाशी बसवलं, दार ओढलं. साखरेचा आकडा माझ्या ओठांवर होता, पण पुढून प्रश्नच आला नाही. गाडी धक्का देऊन निघाली.

जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं मला झालं. पण तेवढ्यात आजोबांना उमासा आला, त्यांना कुशीवर घ्यावं लागलं, आणि ते तसंच राहून गेलं.

*

मोठ्या चौकातून रुग्णालयाकडे डावीकडे वळायचं असतं. हे माझ्यासारखीलाही ठाऊक आहे, जिला घरून तळावर यायला अजून दोनदा विचारावं लागतं. गाडी सरळ गेली.

मी बटण दाबलं. "दादा, डावीकडे ना?"

"हो हो," स्पीकरमधून आवाज आला. "निघालोच."

"चौक मागे गेला, दादा."

"मुंग्या लागतील," दादा म्हणाले.

बाईंनी मान वर केली. "काय म्हणाला तो?"

आजोबांचा डावा हात हवेत काहीतरी शोधत होता, तो बाईंनी पकडून ठेवला होता. गाडी पुलाखाली शिरली, मग एकदम उजवीकडे. बाहेरचा भोंगा मध्येच बंद झाला, मग सुरू झाला, मग कायमचा बंद. चाक कुठल्याशा कडेला घासलं आणि औषधांचे खण खडखडले.

"सिस्टर," बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, आणि त्या शांतपणाचीच भीती वाटली, "तुमचा ड्रायव्हर पिऊन आलाय."

"ते पीत नाहीत."

"मी उभा जन्म मुलं ओळखण्यात घालवलाय. जीभ ऐका त्याची. माझा नवरा इथे मरतोय आणि तुम्ही एका दारुड्याच्या हाती..." त्यांनी आजोबांच्या खांद्यात तोंड खुपसलं.

मी काचेतून पाहिलं. दादांची मान दिसत होती आणि सदऱ्याची पाठ. पुढच्या बाजूला गार हवा सुरू असते, तरी ती पाठ धुवायला टाकल्यासारखी ओली होती. मान एका तालात डुलत होती.

जड जीभ. घाम. भलतं उत्तर. हे दुसऱ्या कुणाचं असतं तर मी आतापर्यंत बोट धरून सुई टोचून मोकळी झाले असते. भिंतीकडे वळलेली पाठ मला आठवली, वर केलेला सदरा, डब्यात परत ठेवलेला घास. गाडीतला गोंधळलेला पेशंट माझ्यासमोर झोपलेला नव्हताच. तो चाक धरून बसला होता.

"दादा, गाडी थांबवा." बटण दाबून मी म्हणाले.

"हो हो. निघालोच."

"दादा, थांबा. कडेला घ्या."

"कोण बोलतंय?" दादांनी विचारलं, खरोखरच कुतूहलाने. आणि गाडीचा वेग वाढला.

समोर बाजाराचा रस्ता दिसत होता. हातगाड्या, माणसं, शाळेतून सुटलेल्या मुली. मी काच हाताने बडवली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. बाई ओरडल्या, त्यांच्या त्या भरघोस आवाजात, "थांबव! थांबव म्हणते ना!" काही नाही. देवा, मी मनात म्हणाले, माझं राहू दे, या मुली बाजूला कर. दुसरं काही सुचेना. हात भिंतीवर टेकलेला होता. काचेखालचा पत्रा हाताला गार लागला.

मग मूठ आपोआप वळली. टक, टक. दोनदा, जुन्या गाडीत करायचे तशी.

ब्रेक असा लागला की मी आणि बाई दोघी पुढे आदळलो. गाडी थांबली. डोकं हरवलं होतं, पण त्या दोन ठोक्यांची आज्ञा त्यांच्या पायाने ऐकली होती.

*

मी मागचं दार उघडेपर्यंत दादा चावी काढून खाली उतरले होते आणि रस्त्याच्या मधून चालू लागले होते.

"बाई, यांना असंच कुशीवर धरा. तोंडात पाणी जमलं तर मान अशी खाली करा. मी आले."

"तुम्ही यांना सोडून चाललात?" बाईंनी माझी बाहीच धरली. "तुम्ही यांना सोडून कुठे चाललात?"

"चावी त्यांच्याकडे आहे."

बाही सुटली. कमरेच्या पिशवीत साखर मोजायचं यंत्र होतं, ग्लुकोजच्या पाण्याची बाटली घेतली आणि पळाले. पळता पळता कंट्रोलला फोन लावला. दुसरी गाडी नदीपलीकडे होती, यायला वेळ लागेल म्हणाले.

आमच्या मागे एक बस अडकली होती. तिचा चालक खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. "भरदुपारी टाकून आलाय! सरकारी गाडी, फुकटची दारू!" लोक जमायला वेळ लागत नाही. कुणी मोबाइल वर केला, कुणी दादांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे ढकललं. दादा तोल सावरत हसत होते. ते हसू त्यांचं नव्हतं.

"साखर कमी झालीय त्यांची," मी म्हणाले. "प्यायलेले नाहीत. साखर..."

कुणालाही ऐकू गेलं नाही. माझा आवाज मला स्वतःलाच ऐकू येत नव्हता.

मी दादांचं बोट धरलं. त्यांनी हात झटकला, दुसरा हात फिरला तो माझ्या कानशिलावर बसला, चष्मा पडला. गर्दीतून आवाज उठला, "अरे, बाईवर हात टाकतो! धरा रे त्याला!" कुणीतरी त्यांची गचांडी धरली. त्या धरपकडीतच मला बोट सापडलं, सुई टोचली, थेंब घेतला. चष्म्याशिवाय आकडा डोळ्यांपाशी धरून पाहिला. एकतीस. सत्तरच्या खाली गेली तरी आम्ही धावपळ करतो. एकतीसवर माणूस उभा कसा राहतो, ते देवालाच माहीत. अजून थोडं खाली गेलं की झटके येणार, शुद्ध जाणार. मग माझ्याकडे दोन पेशंट, एक बंद गाडी आणि दोन हात.

"तोंड उघडा, दादा. एवढं प्या."

दात घट्ट मिटलेले. पाणी हनुवटीवरून खाली गेलं. जबरदस्तीने ओतलं तर श्वासनळीत जाईल. कुणीतरी दादांच्या डोक्यात टपली मारली. दुसऱ्याने मारण्यासाठी चप्पल काढली.

तेव्हा मागून आवाज आला.

"कोण तो! चप्पल खाली ठेव!"

बाई गाडीच्या मागच्या दारात उभ्या होत्या. एक हात आत, नवऱ्याच्या हातात. दुसरा हात बोट दाखवत बाहेर. त्यांनी माझे ओठ वाचले, की माझ्या हातातलं यंत्र ओळखलं, की नुसतं मघाचं आठवून उत्तर जुळवलं, देव जाणे. "तो प्यायलेला नाही! साखर उतरलीय त्याची! आजारी माणसाला मारता? लाज नाही वाटत? मागे व्हा सगळे! तू, लाल सदरा, तुलाच म्हणते, मोबाइल खिशात! मागे!"

आणि मोठमोठी माणसं वर्गातल्या पोरांसारखी मागे सरकली. लाल सदऱ्याने मोबाइल खरंच खिशात घातला. चप्पलवाला चप्पल पायात घालताना इकडेतिकडे बघत होता. त्या मोकळ्या जागेत दादा पदपथाच्या कडेवर बसले, हात दोन गुडघ्यांमध्ये धरून. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"दादा, हे प्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओळख नव्हती. "डबा," म्हणाले.

"काय?"

"डबा उघडा राहिलाय." जीभ शब्दाशब्दाला अडखळत होती. "मुंग्या लागतील."

मी मागे वळून रस्ता पाहिला. चौक, पूल, बाजार. हा रस्ता कुठे जातो, ते मला आत्ता उमगलं. आमच्या तळाकडे. नकाशा चुकला नव्हता. त्याचं उपाशी शरीर त्याला सरळ त्या बाकावर घेऊन चाललं होतं, त्या मोडलेल्या घासापाशी.

"हे डब्यातलंच आहे," मी बाटली पुढे केली. "घ्या."

ते बाटलीकडे पाहत राहिले. ओठ उघडायला आले आणि पुन्हा मिटले. मान हलली. "पेशंट आहे."

"दादा..."

"पेशंट आहे ना गाडीत?" त्यांचे डोळे भरून आले. भूक लागलेल्या लहान मुलासारखे ते बाटलीकडे पाहत होते आणि घेत नव्हते. "पेशंट आहे. मग? मग नाही खायचं."

सगळं गेलं होतं, नाव, गाव, रस्ता, मी. हा एक नेम तेवढा उरला होता. ज्या नेमापायी घास खाली राहिला, तोच आता दात आवळून बसला होता. त्यांचा हात थडथडायला लागला होता. आता फार वेळ नव्हता, ना त्यांच्याकडे, ना आजोबांकडे.

माझाही एक नेम होता. सकाळीच घेतलेला.

"पेशंट नाहीये, दादा," मी म्हणाले. "कॉल रद्द झाला."

"रद्द?"

"हो. गाडी रिकामी आहे. आता जेवायचं."

बाईंनी सगळ्यांना गप्प केलं होतं, म्हणून त्या दिवशी माझा आवाज गाडीपर्यंत पोचला. दारातून कण्हल्यासारखा आवाज आला, कुणी पोटात लाथ मारावी तसा. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर माझा चेहरा बदलला असता, आणि दादा त्या वेळी शब्दांपेक्षा चेहराच ऐकत होते.

"रिकामी," ते म्हणाले. सुटकेचा एक मोठा श्वास सोडला आणि तोंड उघडलं.

एक घोट. गिळला. दुसरा. मी मोजलं नाही, फक्त गळ्याकडे बघत राहिले, वर, खाली, वर, खाली. बाटली संपल्यावर त्यांच्या मुठीतून चावी काढून घेतली. त्यांनी सहज दिली.

चावी हातात आली आणि मी तशीच उभी राहिले. मला गाडी चालवता येत नाही. तेवढी गोष्ट मी कधी शिकले नाही.

"इकडे द्या." बसचा चालक खाली उतरला होता. माझा चष्मा त्याने उचलून सदऱ्याने पुसून आणला होता. नजरेला नजर देत नव्हता. "मघाशी मी जे बोललो, ते... ते जाऊ दे. चावी द्या. मोठीच गाडी चालवतो मी पण." बसकडे वळून ओरडला, "उतरा सगळे! पुढचं चालत जा!" आणि मला हळूच म्हणाला, "मला फक्त माझ्या बसचा रस्ता येतो हां. बाकीचं तुम्ही सांगा."

*

लाल सदरा आणि चप्पलवाला, दोघांनी मिळून दादांना उचलून मागे आणलं. मी त्यांना बाईंच्या शेजारी बसवलं. बाईंनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि एकेक बिस्किट दादांच्या हातात देत राहिल्या, त्यांच्याकडे न बघता. नजर नवऱ्यावर. आजोबांचा श्वास घरघरत होता. डावा डोळा उघडा, छताकडे लागलेला.

"अहो," बाई म्हणत होत्या. "अहो, मी आहे. दार म्हणा. दार म्हटलंत तरी चालेल."

बस चालवणाऱ्याने भोंगा लावला आणि विचारलं, "पूल आला. वर घेऊ की खालून?"

मला माहीत नव्हतं. मी बटणावर बोट ठेवलं आणि तोंड उघडून तशीच राहिले. वरून गेलो आणि पुढे कोंडी असली तर? मोबाइल काढायला गेले, तो घसरून खाली पडला. "लवकर बोला!" तो पुढून ओरडला.

शेजारी दादांचं चावणं थांबलं. त्यांनी बिस्किटाकडे पाहिलं, मग आजोबांकडे, त्या ओघळलेल्या तोंडाकडे, बराच वेळ. कपाळाला आठ्या पडल्या.

"ताई," दादा म्हणाले. आवाज खरवडलेला, पण त्यांचा. "सुई टोचली का?"

मला रडायला वेळ नव्हता. "टोचली. यांची साखर चांगली आहे. मेंदूचं आहे, दादा, आणि आपण उलट्या रस्त्याला आहोत. पूल आलाय."

कसं, का, काही विचारलं नाही त्यांनी. माझा हात बाजूला करून बटण दाबलं. "खालून घे, भाऊ. खांबापाशी डावीकडे. पुढे शाळा लागेल, तिच्या मागून. भिंत संपली की उजवीकडे, रस्ता बारीक आहे, घाबरू नको, जाते गाडी." मग बटण सोडून डोळे मिटले आणि माझ्या खांद्यावर डोकं टाकलं. खांब गेला, शाळा गेली, भिंत गेली. प्रत्येक वळणाला ते डोळे मिटूनच पुढचं सांगत होते.

*

रुग्णालयाच्या दारात माणसं तयार होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी सुरू झालं?" बाईंनी सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आजोबांकडे, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत घ्या. लवकर." तेवढंच. मधलं दार फिरलं आणि बंद झालं.

दादा बाहेर पायरीवर बसले होते. त्यांची साखर मी पुन्हा पाहिली, वर आली होती. तिथल्या लोकांना सांगून त्यांच्यासाठी खाट मागितली. ते माझ्या कानशिलाकडे पाहत होते.

"मी मारलं का हो तुम्हाला?"

"हो," मी म्हणाले. "लागलंय थोडं."

त्यांनी हातांत तोंड लपवलं. "ते म्हातारे... माझ्यामुळे उशीर..."

याचंही खरं उत्तर होतं. दोघांनाही ठाऊक होतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते दिलं नाही.

आत गेले तेव्हा बाई त्या बंद दारासमोर उभ्या होत्या. मघाचा ताठा गेला होता, खांदे पडले होते. हातावर खळ सुकून पापुद्रे निघत होते, नवऱ्याच्या हाताची. मला पाहून त्यांनी पापुद्रे सोलायचं थांबवलं.

"मघाशी त्याला म्हणालात ना," त्या म्हणाल्या, "गाडी रिकामी आहे."

"बाई, मला..."

"रागावत नाहीये मी. माझ्या हातात यांचा हात होता आणि तुम्ही म्हणालात रिकामी. किती सरळ आवाजात म्हणालात. क्षणभर मलाही खरं वाटलं." त्यांनी माझा हात धरला, वर्गातल्या एखाद्या मुलीचा धरावा तसा घट्ट. "तसंच मलाही सांगा."

"काय सांगू?"

"काय ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्यांदा विचारायला लावू नका."

दारापलीकडे कुणीतरी धावत गेलं. भांड्यासारखं काहीतरी फरशीवर पडलं, मग आवाज थांबले.

"बरे होतील," मी म्हणाले.

बाईंनी मान हलवली. "ऐकू आलं नाही."

"बरे होतील, बाई."

"मोठ्याने," त्या म्हणाल्या. रडत होत्या. "असं पुटपुटू नका. मोठ्याने सांगा, आत ऐकू गेलं पाहिजे."

मी दाराकडे तोंड केलं. आयुष्यात कधी काढला नव्हता तेवढा आवाज काढला. व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली, पायरीवरून दादा उठून आत आले, आणि मी त्या बंद दाराला पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिले.